अण्णाच्या उत्तरावरची खूण

१४ जुलै, सोमवार

आज प्राचार्य मृत्युंजय सरांनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. रिटायर होऊन तीन वर्षं झालेल्या माणसाला प्राचार्यांनी चहा मागवला की समजायचं, एक तर आपल्याला काढणार, नाहीतर काहीतरी गळ्यात मारणार. दुसरं निघालं.

एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या पोरांसाठी कॉलेजनं एक चॅटबॉट घेतलाय. मोबाईलमध्ये विचारायचं, तो उत्तर देतो. कन्नड, मराठी, इंग्रजी, काय पाहिजे त्यात. एक्स-रे, सी.टी., एम.आर.आय., पेशंटला कसं उभं करायचं, कुठं वळवायचं, सगळं त्याला पाठ. माझं काम असं की दिवसभरात पोरांनी काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं ते संध्याकाळी वाचायचं आणि प्रत्येक उत्तरापुढं बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. चूक असेल तर खाली दोन ओळी लिहायच्या. पुढच्या वेळी तो त्या ध्यानात ठेवतो म्हणे.

"तुमच्याएवढा अनुभव कलबुर्गीत दुसऱ्या कुणाला आहे, नागनाथराव?" सर म्हणाले. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत लोकांच्या हाडांचे फोटो काढलेत, बीदरला, औरादला, हुमनाबादला. तेव्हा हे खोटं नाही. तरी कुणी तोंडावर म्हटलं की छाती फुगतेच.

बायकोला, इंदिरेला, पुण्याला फोन करून सांगितलं. लेकीच्या बाळंतपणाला गेलेली ही बाई दोन वर्षं झाली तरी तिथंच आहे. "बरं झालं," म्हणाली आणि नातवाला भरवायला उठली. म्हणून ही वही काढली. एवढी बातमी कुणाला तरी पूर्ण सांगायची होती.

१७ जुलै, गुरुवार

पोरांनी त्याचं नाव 'अण्णा' ठेवलंय. अण्णाला विचार, अण्णा म्हणाला. या कॉलेजात मला तीन वर्षं झाली, मी अजून 'सर'च आहे. हा परवा आला आणि घरचा होऊन बसला.

आज एकशे चौदा उत्तरं तपासली. चुकीची निघाली चार. मला जास्त निघतील असं वाटलं होतं. खरं लिहायचं तर निघावीत असं वाटलं होतं.

२३ जुलै, बुधवार

माझी खोली म्हणजे एक्स-रेच्या खोलीला लागून प्लायवूड ठोकून केलेला कप्पा. एक टेबल, फिल्म बघायचा जुना दिव्याचा डबा आणि एक स्टूल. दुपारी एक ते दोन या स्टुलासाठी पोरांची भांडणं व्हायची. सर, हा फोटो काळा कामून आला? सर, हाड मोडलंय का नुसती रेघ आहे? मी वैतागायचो, डबा उघडून घास तोंडात घालू देत नाहीत म्हणायचो. आज आठ दिवस झाले, डबा निवांत खाल्ला. भाजीला चव नसते हे आत्ता कळायलंय.

मंठाळची शिवकन्या तेवढी येईल असं वाटलं होतं. तिसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. तिच्या कन्नडला बाकीच्या पोरी हसतात म्हणून ती वर्गात तोंड उघडत नाही. सगळे गेल्यावर दारात यायची आणि हळूच मराठीत विचारायची. आता तीही येत नाही. अण्णा तिला मराठीत सांगतो, आणि हसत नाही. माझ्याकडं दुसऱ्यांपेक्षा वेगळं असं तेवढंच होतं.

इंदिरा फोनवर म्हणाली, इकडे या की चार महिने. मी म्हटलं, जमणार नाही, पोरं अडतात.

३० जुलै, बुधवार

माझ्या जाड बोटांना मोबाईलवर मराठी टाइप होत नाही, म्हणून आज अण्णाशी तोंडानं बोलून पाहिलं. त्याला बोलता येतं. मराठी पुण्याची. "आपण कृपया" काय, "निश्चितच" काय. मी मुद्दाम आपल्या कमलनगरच्या बोलीत विचारलं, तर एकदाही अडखळला नाही. त्याच्या चुका काढायला म्हणून बसलो आणि पाऊण तास गेला. जुन्या काळी फिल्म अंधारात धुवायचो ते सांगितलं. दोरीवर वाळत घातलेल्या फिल्मा शेळीनं चावल्या होत्या, तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

हा प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मशीन आहे हे मला कळतं. तरी बरं वाटलं.

हे बोलणं फक्त तपासणीसाठी होतं, हेही लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट, बुधवार

आज कुणीतरी विचारलंय : छातीचा फोटो काढण्याआधी पेशंटच्या अंगावरचं काय काय काढायला सांगावं? अण्णाचं उत्तर : मानेपासून कमरेपर्यंत धातूची कोणतीही वस्तू ठेवू नये. साखळी, लॉकेट, ताईत, सर्व काढून ट्रेमध्ये ठेवण्यास नम्रपणे सांगावे. पेशंट नकार देत असल्यास कारण समजावून पुन्हा विनंती करावी.

पुस्तकात अगदी असंच आहे. पण हे पुस्तक लिहिणाऱ्यानं आपल्या भागातल्या लिंगायत म्हाताऱ्या बघितलेल्या नाहीत. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. फोटोत ते फुप्फुसावर पांढऱ्या ठिपक्यासारखं येतं आणि मागचं काही दिसत नाही. पण ते अंगावेगळं करायचं नसतं. जन्मल्यापासून मातीत जाईपर्यंत अंगावर असतं ते. "काढून ट्रेमध्ये ठेवा" म्हटलं की झालं कल्याण.

त्याला तोड आहे. आपण हात लावायचा नाही. बाईनंच दोरा गळ्यात तसाच ठेवून लिंग वर उचलायचं आणि मागं अंबाड्यावर पदरात धरायचं. फोटो स्वच्छ येतो आणि लिंगही अंगावरच राहतं. हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बंडेप्पा नावाच्या एका म्हाताऱ्या पेशंटनं शिकवलं. त्यांनी आपलं लिंग डोक्यावर धरून दाखवलं होतं. तेव्हापासून माझ्या हातून एकही पेशंट फोटोविना परत गेलेला नाही.

दोन ओळी लिहायला घेतल्या होत्या. मग लिहिल्या नाहीत. पुस्तकाप्रमाणं उत्तर बरोबर आहे, मी बरोबरची खूण केली. सगळंच अण्णाला सांगून टाकलं तर माझ्याकडं काय उरतं? ज्याला अडेल तो येईल विचारायला. चार पावलांवर तर बसलेला असतो मी.

११ ऑगस्ट, सोमवार

वाईट झालं. हळ्ळीखेड (बी) ची गंगव्वा म्हणून एक सत्तरीची बाई, खोकल्यानं बेजार, लेकाबरोबर छातीचा फोटो काढायला आली होती. एक्स-रेच्या खोलीत शिवकन्या एकटीच ड्यूटीवर. तिनं लिंग काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. म्हातारी नको म्हणाली. हिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा विनंती केली. त्यात श्रावणातला सोमवार. म्हातारी फोटो न काढताच बाहेर आली, लेकानं व्हरांड्यात आरडाओरडा केला, माणसं जमली, तक्रार लिहून दिली.

मी तेव्हा चहाला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मृत्युंजय सरांनी शिवकन्येला विचारलं. मीही तिथंच होतो. तिनं मोबाईल काढून अण्णाचं उत्तर दाखवलंसुद्धा नाही. "चूक माझीच हाय सर," एवढंच म्हणाली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

तिला पोस्टिंगवरून काढलंय. दवाखान्यातलं पोस्टिंग पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. हॉस्टेलवर राहून करायचं काय, म्हणून परवा सुट्टीला जाईल ती मंठाळलाच राहील, असं तिच्या वर्गातली सुधारानी सांगत होती. घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

व्हरांड्यात ती नळाशी उभी होती. बाकीच्या पोरी बाटल्या भरून निघून गेल्या, हिच्याशी कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

परवाच्या सोमवारी या वहीत खोटं लिहिलंय. वही माझी, वाचणारा मीच, आणि तरी खोटं लिहिलं. वा रे वा.

मी चहाला गेलो नव्हतो. मी इथंच बसलो होतो. प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं. "अव्वा, जरा काढून ठेवता का?" हे ऐकलं. "न्हाई गं बाई, ते निघत न्हाई," हे ऐकलं. पोरीचा आवाज कापायला लागला तेही ऐकलं. उठून दारात जाऊन "अव्वा, अंबाड्यावर धरा" एवढं म्हणायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी उठलो नाही. मला वाटलं, आता ही येईल. अण्णाचं उत्तर चालत नाही हे कळलं की माझ्या दारात येऊन "सर, काय करू?" म्हणेल. मग मी सावकाश उठेन. मोबाईल समोर चालूच होता, त्याच्याशीही काही बोललो असेन. स्टूलसुद्धा पुढं ओढून ठेवलं होतं. ते लिहिताना लाज वाटायलीय.

ती आली नाही. का आली नसेल, हे मला अजून कळत नाही. चार पावलं होती.

१७ ऑगस्ट, रविवार

हुमनाबादला बस बदलून हळ्ळीखेडला जाऊन आलो. गंगव्वाचं घर विचारत विचारत सापडलं. लेक घरी नव्हता, तेवढंच नशीब. म्हातारी ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं सुनेला पाणी आणायला लावलं आणि शेंगा सोलणं काही थांबवलं नाही.

मी म्हटलं, "अव्वा, पोरीला कळलं नाही. तिला माफ करा."

"पोरगी वाईट न्हवती," ती म्हणाली. "हात जोडून म्हनायलती. मी काढत न्हाई म्हन्लं, मंग तिच्या डोळ्याला पानी आलं. एवढी पाच मिनटं मला हुबी करून भायेर जाऊन आली. मला वाटलं कुनाला तरी आनायलीय. पन आली ती एकटीच." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी तिचे मास्तर. तुमी कुठं व्हते?"

"शेजारच्या खोलीत."

"ऐकू आलं न्हाई?"

"आलं."

तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. अण्णाचं उत्तर, माझी खूण, स्टूल. सत्तर वर्षांच्या बाईला मोबाईलमधला अण्णा कसा समजावायचा ते मला कळेना, पण तिला कळायचं ते बरोबर कळलं.

"मंग माझी माफी कामून मागायलाव?" ती म्हणाली. "माझं काय गेलं? माझं लिंग माझ्या गळ्यात हाय. फोटो बी काढला, दुसऱ्या दिशी, हुमनाबादेत. तिथल्या पोरीनं सांगितलं, अव्वा, अंबाड्यावर धर. धरलं. छातीत पानी झालंय म्हने, गोळ्या चालू हायत."

बत्तीस वर्षं मी ज्याला माझी विद्या समजत होतो, ती हुमनाबादच्या कुठल्याही पोरीला येते.

निघताना तिनं ओंजळभर शेंगा पिशवीत घातल्या. "तुमच्या बायकोला द्या," म्हणाली. बायको पुण्याला असते, असं सांगितलं नाही.

तिचं एक वाक्य एस.टी.त बसल्यावर ध्यानात आलं. पोरगी पाच मिनिटं बाहेर गेली होती. कुठं गेली असेल?

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी मृत्युंजय सरांकडं गेलो. आज चहा नव्हता. सहा तारखेचं उत्तर आणि त्यापुढची माझी खूण दाखवली. भिंतीपलीकडून ऐकत बसलो होतो, तेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तर चाललं असतं. तिला परत घ्यायला खूण पुरेशी होती. पण अर्धं सांगून घरी गेलो असतो तर ही वही पुन्हा उघडता आली नसती.

सरांनी ती खूण पुन्हा एकदा बघितली. "पण असं का केलंत?" त्यांनी विचारलं.

"ती विचारायला यावी म्हणून."

त्यांना वाटलं मी पुढं काहीतरी बोलेन. पुढं काही नव्हतंच.

शिवकन्येचं पोस्टिंग उद्यापासून सुरू. वाया गेलेले दिवस ती रविवारी भरून काढेल, परीक्षेला बसेल. माझं काम सप्टेंबरअखेरपर्यंत, त्यानंतर नाही. उत्तरं तपासायचं आजपासूनच दुसऱ्यांकडं. सर रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

जाण्यापूर्वी सहा तारखेच्या उत्तराखाली त्या दोन ओळी लिहिल्या. आणखी जेवढं आठवेल तेवढं लिहून देतो म्हणालो. सर म्हणाले, द्या.

इंदिरेला फोन केला. "मंग आता तरी या," म्हणाली. पोरं अडतात, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज डबा उघडत होतो, तेवढ्यात शिवकन्या दारात आली. मी स्टुलाकडं हात केला, ती बसली नाही. मी दोन दिवस मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. उत्तर माहीत असून खूण केली, ऐकत बसलो, उठलो नाही, तुझं वर्ष माझ्यामुळं जात होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला म्हाईत व्हतं, सर," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुमी हितं हाव ते. त्या दिशी मी आलते की तुमच्याकडं. अव्वाला हुबी केली आन् तुमाला विचारायला आलते. दार जरा उघडं व्हतं. तुमी मोबाईलसंगं बोलायलते. आता बघ म्हन्ले त्याला, तुझं काय चालत न्हाई, आता ती माझ्याकडं येती बघ."

माझे हात टेबलावर होते ते मी खाली घेतले.

"मग आत का आली नाहीस? आणि सरांसमोर का नाही सांगितलंस? तुझं सगळं वर्ष जात होतं."

ती पायाकडं बघत राहिली. मला वाटलं रागानं गप्प आहे. राग नव्हता. रागानं माणूस असं खाली बघत नाही.

"सांगनार व्हते," ती म्हणाली. "लई राग आलता. पन त्याच्या आदी तुमी त्याला, जेवलास का, म्हनून विचारलं. आन् मंग तुमी थांबले, तो काय म्हनतो ते ऐकायला. मंग मला सांगावंच वाटलं न्हाई कुनाला."

आतून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. पेशंट आला होता. ती गेली. थोड्या वेळानं प्लायवूडमधून तिचा आवाज आला, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत : श्वास घ्या, धरा, सोडा. आवाज कापत नव्हता.

मी अण्णाला तसं विचारलं होतं, हे मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे रोजच विचारत असणार.